शाबूची काडी

नीलम्मा फार्मावर कामाला लागली ती बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर. त्याआधीचं सबंध वर्ष तिने अक्कलकोट रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडली होती. दुपारी तिथे सरकारकडून खायला सुकडी मिळे. ती अर्धी खाई आणि अर्धी पदराला बांधून सासूसाठी घरी आणी. सासू चंद्रव्वा म्हणे, "मी मगाशीच खाल्लं की. पोट तट्ट फुगलंय. तूच खा." खरं म्हणजे तिच्या पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही गेलेलं नसे. मग नीलम्मा म्हणे, "मला तितं दोनदा वाढली, अत्ती." तेही खोटंच. ती सुकडी मधे ठेवून दोघी एकमेकींकडे बघत बसत, आणि नीलम्माचा नवरा शरणप्पा बाहेरून येऊन ती निमूट खाऊन टाकी.

अत्ती म्हणजे सासूबाई. त्यांच्या घरात कानडी आणि मराठी अशी सरमिसळ होती की कोणता शब्द कुठला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नीलम्मा अकरा-बारा वर्षांची असताना सीमेपलीकडच्या खेड्यातून या घरात आली. चुलीपुढे बसायचं कसं, भाकरी थापायची कशी, सोमवारचा उपास धरायचा कसा, सगळं चंद्रव्वानेच शिकवलं. शिकवताना चिमटेही काढले आणि रात्री पायाला तेलही चोळलं. पुढे नीलम्माला एकच मुलगी झाली. ती कुर्डुवाडीला रेल्वेतल्या खलाशाला दिली आणि घरात पुन्हा तिघंच उरली.

शरणप्पा फार्मावर बैल हाकायचा. सोलापूर शहराबाहेरचा तो एक लहानसा सरकारी फार्म होता. ज्वारी, करडई, तूर यांच्या नव्या जाती तिथे लावून बघत. शरणप्पाला तिथेच राहायला एक खोली, पुढे पडवी आणि मागे अंगण मिळालेलं. दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात नीलम्माही तिथे खुरपायला जाऊ लागली.

त्याच पावसाळ्यात शेतीखात्याचे चाकोसाहेब फार्मावर आले. केरळातले, तरुण, काळेसावळे, कपाळावर सतत घाम. त्यांच्याबरोबर रेल्वेने काटक्यांच्या मोळ्या आल्या. स्टेशनवरून बैलगाडीत घालून शरणप्पानेच त्या आणल्या. त्या उतरवून घेताना बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"सायेब मुलखातनं येताना सरपण घिऊनशान आले जणू," फुलाबाई म्हणाली. फुलाबाई नीलम्माची जोडीदारीण. दोघी एकाच ओळीत खुरपायच्या आणि फुलाबाईचं तोंड खुरप्याच्या पुढे चालायचं.

चाकोसाहेबांना मराठी येत होतं ते स्वतःच्या पद्धतीने. "सरपण नाही, बाई. हा माणसाचा जेवण आहे," ते म्हणाले. "ही काडी जमिनीत लावायची. खाली कंद येते. पाऊस नाही आली तरी कंद जमिनीत थांबते. चार महिने, सहा महिने. भूक लागली की काढायची."

उसाची कांडी लावतात, तिच्या डोळ्यातून कोंब येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण उसाची कांडी रसाने भरलेली असते. ही तर दिसायला नुसती तुरकाटी, तुरीची वाळकी काटकी. नीलम्माने घरी जाऊन सांगितलं तेव्हा चंद्रव्वा पोट धरधरून हसली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि सावली तेवढी कळायची. पण हसायला डोळे कशाला लागतात?

"काटकीला कुटं फूट येती व्हय, नीला? मग माझी सारी जिंदगी मी रानंच्या रानं जाळली म्हनायची!"

आणि ते खरंच होतं. चंद्रव्वाइतकं सरपण वेचणारी बाई त्या बाजूला दुसरी नव्हती. दुष्काळात शेणीही मिळेनाशा झाल्या, कारण गुरंच उरली नाहीत. तेव्हा ती धसकटं उपटून आणायची, कुंपणाच्या वाळक्या फांद्या मोडून आणायची. चूल पेटलीच पाहिजे, वर शिजवायला काही असो वा नसो. तेव्हापासून तिच्या हातांना सवयच लागली. वाटेत काडी पायाला लागली की वाकून उचलायची आणि ओच्यात घालायची.

काड्यांना मात्र पंधरवड्यात फूट आली. पंजासारखी पानं, लालसर देठ. शरणप्पाने एक पान खुडून आईच्या हातात दिलं. तिने ते चाचपलं, हुंगलं आणि म्हणाली, "बरं बाई. फुटली म्हनायची."

*

हे झाड शाबूचं, म्हणजे आपल्या उपासाचा साबुदाणा याच्याच कंदापासून करतात, हे कळल्यावर फार्मावर मोठीच चर्चा झाली. फुलाबाईची समजूत होती की शाबू ज्वारीसारखा कणसाला लागतो. कोणी म्हणालं, मुळातला कंद उपासाला चालेल. कोणी म्हणालं, परमुलखाचं काय सांगावं. 

पण एक अडचण होती, आणि ती थट्टेची नव्हती. कंदात विष असतं. काही जातींत अगदी थोडं, उकळून पाणी फेकलं की जाणारं. काही जातींत जास्त, जिभेला कडू लागणारं. आलेल्या जातींपैकी जी गोड होती, तिला इथलं ऊन सोसेना. पानं गळून ती नुसती खराट्यासारखी उभी राही. आणि जी उन्हाला दाद देत नव्हती, ती कडू.

"म्हणून या दोघींची लग्न लावायची," साहेब म्हणाले.

ते लग्न नीलम्माने आपल्या हातांनी लावलं. थंडीच्या दिवसांत झाडांना फुलं आली. वरच्या बाजूला बारीक नरफुलं, खाली मोजकी मादीफुलं. मादीफूल उमलायच्या आधी त्यावर कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे माशी भलताच पराग आणून टाकत नाही. दुपारी फूल उमललं की पिशवी सोडायची, कडू झाडाचं नरफूल गोड झाडाच्या मादीफुलावर हलकेच टेकवायचं आणि पिशवी पुन्हा बांधायची. साहेबांनी एकदा करून दाखवलं. नीलम्माचा हात हलका होता, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. साखर पेठेतल्या विणकरांकडून शरणप्पा कापडाचे तुकडे आणी, आणि ती पडवीत बसून बोटभर पिशव्या शिवी. चंद्रव्वा त्यांची तोंडं चाचपून नाड्या ओवी.

"कुनाच्या बारशाची टोपडी म्हनायची ही?" ती विचारी.

पुढे फळं धरली. ती वाळली की तडकन फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून पुन्हा पिशव्या. एका फळात तीनच बिया. पावसाळ्यात त्या पेरल्या. काही उगवल्याच नाहीत. उगवली ती रोपं बघून नीलम्मा चक्रावली. एकाच आईबापाची, पण एक ठेंगणं, एक उंच, एकाची पानं रुंद, एकाची बोटांसारखी.

"सख्ख्या भावंडासारखं आहे," साहेब म्हणाले. "एक दुसऱ्यासारखी नाही. बी लावली तर दर वेळी नवीन मूल येते. पण चांगला मूल सापडली की मग बी नाही लावायची. तिची काडी लावायची. काडीतून तीच येते, जशीच्या तशी. शंभर वर्षं लावली तरी तीच."

नीलम्माने हे घरी सांगितलं. तेव्हा चंद्रव्वा म्हणाली, "मानसाचं तसं असतं तर लई बरं झालं असतं गं." शरणप्पाच्या आधीचा तिचा एक मुलगा लहानपणी देवीच्या रोगाने गेला होता. त्याचं नाव ती कधी काढत नसे. त्या संध्याकाळीही काढलं नाही.

*

पंचाहत्तरच्या एप्रिलात रोपं काढायची वेळ आली. त्या उन्हात ओळीतली सगळी झाडं पानं टाकून बसली होती. शेवटच्या टोकाला एकच झाड असं होतं, की त्याच्या शेंड्यावर अजून हिरवी पानं होती. नीलम्मा महिनाभर त्याच्यावर नजर ठेवून होती, पण बोलली नव्हती. दृष्ट लागायची भीती.

कंद शिजवून चाखायचं काम फार्माच्या शेडमध्ये चाले. सोलून, तुकडे करून, उघड्या पातेल्यात उकळायचं आणि पाणी लांब फेकायचं. आधी साहेब स्वतः चाखत. विषाची वस्तू दुसऱ्याला आधी द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. त्यांनी हो म्हटलं की नीलम्मा, मग फुलाबाई. त्या दिवशी पहिल्या झाडाचं कडू निघालं, दुसऱ्याचंही. फुलाबाई थुंकून थुंकून कंटाळली. "सायेब, ह्येच्यापरीस कडुलिंब लावा की. त्येला पानी बी लागत न्हाय!"

टोकाच्या झाडाचा तुकडा साहेबांनी तोंडात घातला आणि ते चावायचे थांबले. मग एक तुकडा नीलम्मापुढे धरला. सोमवार होता, तिचा उपास होता. तिने एकदा साहेबांकडे आणि एकदा सिद्धरामेश्वराच्या देवळाच्या दिशेने पाहिलं, हात जोडले आणि तुकडा तोंडात टाकला. मऊ, पिठाळ, घशाला न लागणारा. रताळ्याएवढा गोड नव्हे, पण कडवटपणाचा मागमूस नाही.

"हीच," ती म्हणाली.

"हीच," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी चष्मा काढून घामच पुसल्यासारखं केलं.

त्या एकाच झाडाच्या मोजक्या काड्या निघाल्या. पाऊस पडेपर्यंत त्या सावलीत उभ्या ठेवायच्या होत्या. गोदामात वाळवी होती आणि शेडचे पत्रे तापत. म्हणून साहेबांनी ती मोळी नीलम्माच्या पडवीत ठेवायला दिली. खूण म्हणून नीलम्माने जुन्या इरकली लुगड्याचा हिरवा काठ फाडून तिला बांधला. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर हाताने पाणी शिंपडायचं. दृष्टीच्या भीतीने सासूला मात्र ती मोळी कसली हे तिने सांगितलं नाही.

मोळी देताना साहेब म्हणाले, "वरून सांगितलं आहे, या वर्षानंतर हे काम बंद. पाऊस चांगली झाली, आता कोणाला कप्पा नको." शाबूच्या झाडाला ते त्यांच्या भाषेत कप्पा म्हणत. "दिवाळीनंतर मी गावाकडे जाईल. ही एक नेईल. ही जगली तर सगळी जगली."

मे महिना लागला आणि नीलम्माला ताप भरला. दोन दिवस तिने अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी ती पिशव्यांच्या नाड्यांबद्दल असंबद्ध बडबडू लागली, तेव्हा शरणप्पाने बैलगाडी जुंपली आणि तिला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. मुदतीचा ताप, टायफॉइड, निघाला. शरणप्पा तिच्या उशाशी बसून राहिला. पडवीतल्या मोळीवर पाणी शिंपडायचं राहूनच गेलं. कोणाला ते आठवलंही नाही.

*

नीलम्माला घरी आणलं तेव्हा तिच्या अंगात नुसती हाडं उरली होती. चंद्रव्वाने तिच्या तोंडावरून, गळ्यावरून, दंडांवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज तुला न्हाऊ घालती."

"तुमाला दिसत न्हाय, अत्ती. मी घेते की."

"तू गप. तू ह्या घरात आलीस तवा तुला कोन न्हाऊ घालीत हुतं? तवा काय तू डोळं दिलं हुतंस मला?"

मागच्या अंगणातल्या चुलीवर हंडा चढला होता. पाण्यात कडुलिंबाचा पाला होता. चंद्रव्वाने तिला दगडावर बसवलं आणि तांब्या तांब्याने पाणी घालू लागली. खरखरीत, सरपण वेचून भेगाळलेले ते हात तिच्या पाठीवरून फिरत होते. इतक्या वर्षांत नीलम्माने या बाईला पाणी तापवून दिलं होतं. लहानपण सोडलं तर तिला स्वतःला कोणी पाणी तापवून दिल्याचं आठवत नव्हतं. ती डोळे मिटून बसली. चुलीतून धूर येत होता, नेहमीपेक्षा जरा ओलसर, उग्र. "सरपण वलं हाय जणू," ती म्हणाली.

"जळतंय की. शरण्या इतकं दिस दवाखान्यात, तुरकाट्या संपल्या हुत्या. घरात गावलं ते घातलं. पानी कडकडीत झाल्याबिगर मुदतीच्या तापाचं शीण जात न्हाय."

मग तिने नीलम्माचे केस पुसले, जेवढे उरले होते तेवढे विंचरले आणि एका चिंधीने बांधून दिले. नीलम्मा अंगणात उन्हाला बसली. किती दिवसांनी अंगाला साबणाचा वास येत होता. तिने सहज केसांना हात लावला. चिंधीची वीण बोटांना ओळखीची लागली. तिने ती ओढून डोळ्यांपुढे धरली.

हिरवा काठ होता.

ती भिंतीला धरून उठली आणि पडवीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. कोपरा रिकामा होता. परत येऊन तिने चुलीत पाहिलं. राख, आणि राखेत पेराच्या खुणा असलेली कोळशाची दोन कांडं. हात लावताच ती मोडली.

"कुटं गेलीस गं? वारा लागंल," चंद्रव्वा म्हणाली. म्हातारीच्या चेहऱ्यावर किती दिवसांत नव्हतं असं समाधान होतं. सुनेला न्हाऊ घातल्याचं समाधान.

नीलम्मा तिच्या शेजारी बसली. ओरडावंसं वाटत होतं. "अत्ती, पानी लई चांगलं झालं हुतं," ती म्हणाली. "अंग हलकं झालं."

*

संध्याकाळी चाकोसाहेब मोसंब्या घेऊन आले. चंद्रव्वा अंगणात बाजेजवळ बसली होती. बाजेवर धोतर अंथरून शाबूच्या पापड्या वाळत घातलेल्या होत्या. कुर्डुवाडीच्या नातीला पाठवायला ती दर उन्हाळ्यात त्या घालायची. दिसत नसलं तरी कावळ्याच्या पंखांचा आवाज तिला बरोबर कळे. हातातली काटकी आपटून ती "हाऽड्!" म्हणे.

नीलम्मा पडवीत भिंतीला टेकून बसली होती. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली आणि मग त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

"मीच जाळल्या, सायेब," नीलम्मा म्हणाली. तिने आवाज खाली ठेवला होता. "ताप भरला तवा. थंडी वाजाय लागली, भान न्हवतं, हाताला लागलं ते चुलीत घातलं. काय बी म्हना मला. माजीच चूक."

साहेब पडवीच्या पायरीवर बसले. मोसंब्यांची पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग पुन्हा पहिल्या हातात.

"एक पण नाही राहिली?"

"न्हाय."

"त्याची दुसरी कुठे पण नाही, नीलम्मा. तोच आई, तोच बाप, पुन्हा लग्न लावली तरी ती नाही येणार. तिची भावंड येणार."

"ठावं हाय, सायेब."

अंगणात कावळा ओरडला. पण काटकी आपटल्याचा आवाज आला नाही.

साहेब उठले. जाताना नीलम्माच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही, अशा घोटाळ्यात क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही बरी झाली. ते मोठी गोष्ट आहे." मग खाली मान घालून निघून गेले. ते गेल्यावर नीलम्मा पदरात तोंड घालून रडली. आवाज होऊ न देता रडली, कारण अंगणात सासू बसली होती.

थोड्या वेळाने चंद्रव्वा आत आली. "कावळ्यांनी पापड्या नेल्या मेल्यांनी," एवढंच म्हणाली.

*

पाऊस वेळेवर झाला. फार्मावर बाकीच्या काड्या लावल्या गेल्या, पण कोणाचं मन त्यात नव्हतं. साहेब नेमाने येत, नेमाने बघत आणि लवकर परत जात. नीलम्माच्या अंगात हळूहळू बळ येत होतं. फुलाबाईने तिला थट्टेने हसवायचा प्रयत्न करून पाहिला, मग तिनेही नाद सोडला.

म्हातारीचं मात्र त्या दिवसांत काहीतरी बिनसलं होतं. ती हातपाय धुवायला न्हाणीच्या दगडावर न जाता अंगणाच्या पार टोकाला, भिंतीच्या कडेला जाऊ लागली. चूळही तिकडेच भरायची. शरणप्पाने शेळी त्या बाजूला बांधली, तर तिने आकांत केला आणि शेळी दुसरीकडे बांधायला लावली. एक फुटकी दुरडी तिने भिंतीशी पालथी घालून ठेवली होती. ती कोणी उचलायची नाही. कावळे हाकायला ती आता नुसत्या टाळ्या वाजवी.

"वय झालं आईचं," शरणप्पा म्हणाला.

"तुमाला काय सांगायचं," नीलम्मा म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं, पण ते दुसऱ्याने म्हटलेलं तिला खपत नसे.

आषाढ उलटला. एका सकाळी चुलीतली राख टाकायला नीलम्मा भिंतीकडे गेली आणि तिच्या पायाला लागून ती दुरडी कलंडली. खाली चिखलात एक काटकी उभी होती. काटकी कसली, करंगळीएवढ्या जाडीची, वीतभर वर आलेली. आणि तिच्या बुडाशी, जमिनीला चिकटून, एक कोंब वाकडा होऊन वर वळलेला. दुरडीखाली राहून फिकट पिवळा पडलेला. त्याला दोन पानं होती. पंजासारखी. देठ लालसर.

नीलम्मा राखेची पाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"लाथाडलीस व्हय गं ती?" मागून चंद्रव्वाचा आवाज आला. ती भिंतीला धरत धरत येत होती. "मोडली का?"

"न्हाय, अत्ती." नीलम्मा खाली वाकली. "ही... कंची काडी ही?"

"कावळं हाकायची."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? चुलीत घालताना एक नीट, सरळसोट हुती, ती बाजूला काढली. पापड्या राखाय. सायेब आले तवा माज्या हातातच हुती की ती." म्हातारी तिथेच उकिडवी बसली आणि हात पुढे करून कोंब शोधू लागली. सापडल्यावर तिने तो बोटांच्या टोकांनी, तान्ह्याच्या टाळूला लावावा तसा हात लावून पाहिला. "मला दिसत न्हाय, नीला. ऐकाय येतंय की."

नीलम्माने पाटी खाली ठेवली. "मग तवाच सांगायचं न्हाय का? ह्ये दोन म्हैने..."

"काय सांगायचं? फुटली नसती तर? येकदा जळलीच हुती तुजी, दुसऱ्यांदा कशाला जाळू?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आन् तू तरी कुटं सांगितलंस? म्हनं मीच जाळल्या. म्हनं पानी लई चांगलं झालं हुतं. खोटारडी."

"पानी चांगलंच झालं हुतं, अत्ती."

"झालंच असंल. केवड्या मोलाचं सरपण हुतं त्ये!"

आणि मग दोघी त्या चिखलात बसून हसल्या की रडल्या, हे शरणप्पाला पडवीतून कळलं नाही. तो बैल सोडून धावत आला. त्याला पाहताच नीलम्मा म्हणाली, "जावा, सायेबांना बोलवा. पळत जावा. आन् दुरडीला हात लावू नगा!"

चाकोसाहेब सायकलवरून आले, सायकल अंगणात तशीच टाकली आणि भिंतीशी गुडघे टेकून बसले. त्यांनी काडीवरच्या खुणा पाहिल्या, पान पाहिलं, देठ पाहिला. मग ते मोठ्याने हसले. फार्मावर त्यांचं असं हसणं कोणी ऐकलं नव्हतं.

"आजी, ही उलटी लावली तुम्ही! वरची बाजू खाली गेली!"

"मला काय ठावं, कंचा शेंडा आन् कंचं बूड," चंद्रव्वा म्हणाली. "उलटी तर उलटी. तुमच्या सुलट लावलेल्या जगल्या का? ही जगली की."

"जगली, आजी. वाकडी आली, उशिरा आली, पण तीच आली." ते वर बघून नीलम्माला म्हणाले, "दुरडी काढा आता. हिला ऊन पाहिजे. शेळीला लांब ठेवा. चार महिन्यात काडी मिळेल." त्यांनी खुणेसाठी खिशात दोरा शोधला. नीलम्माने केसांची चिंधी सोडली. पण ती तिने स्वतः बांधली नाही. सासूच्या हातात दिली. म्हातारीने चाचपून कोंबाच्या शेजारी एक खुंटी रोवून घेतली आणि हिरवा काठ तिला बांधला. घट्ट, आणि वर आणखी एक गाठ.

दिवाळीनंतर साहेब निघाले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या मधे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक काडी होती. शरणप्पाने त्यांना स्टेशनवर सोडलं. तिकडे त्या काडीचं पुढे काय झालं, तिला काही नाव मिळालं की नाही, हे इकडे कधी कळलं नाही. बाकीची झाडं उपटून तिथे पुन्हा करडई पेरली गेली. पण नीलम्माच्या अंगणात भिंतीच्या टोकाला एक झाड राहिलं. दर उन्हाळ्यात ते काढायचं, कंद उकडायचे, कुर्डुवाडीला पाठवायचे, आणि पावसाच्या आधी त्याचीच काडी पुन्हा लावायची. आता सुलट लावायची. सोमवारी ते चालतं असं घरात एकदाचं ठरलं होतं. चंद्रव्वानेच ठरवलं.

आणि रोज सकाळी पाणी तापवायची वेळ झाली की म्हातारी चुलीपुढे बसे. सरपणाच्या ढिगातून एकेक काटकी काढून ती आधी बोटांनी चाचपून बघे आणि मग सुनेपुढे धरी.

"बघ गं, ही जिती हाय का मेली?"

"तुरकाटी हाय ती, अत्ती."

"नीट बघ. मागनं रडशील."

"मेली हाय, अत्ती. घाला."

मगच ती चुलीत जाई.